जुनी अटक आणि परदेशाची वाट

नांदेड-लातूरकडची अनेक मुलं आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशात जाऊ पाहतात. त्यांपैकी काहींच्या नावावर एखाद्या आंदोलनातली किंवा भांडणातली जुनी अटक असते आणि तेवढ्यावरून वाट बंद झाली, असं घरचे धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. १९६७ चा पासपोर्ट कायदा पासपोर्ट नाकारण्याची मुभा देतो, ती मुख्यतः फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असताना. तेव्हाही १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाच्या परवानगीनं पासपोर्ट मिळू शकतो. नुसता गुन्हा नोंदवला गेला म्हणजे खटला प्रलंबित झाला, असं नाही.

खरा धोका व्हिसा अर्जात जुनी अटक लपवण्यात आहे. ‘निर्दोष सुटलो, मग सांगायचं कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण अमेरिका आणि कॅनडाचे व्हिसा अर्ज शिक्षेबरोबरच ‘कधी अटक झाली होती का’ हेही विचारतात. खोटं उत्तर उघड झालं, तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करू शकतो. अमेरिकेत ही बंदी कायमची ठरू शकते. खरं सांगितल्यानं चौकशी वाढेल, उशीर होईल, हे मान्य. पण कागद त्याला उत्तर देतात. म्हणून निकालाची प्रमाणित नक्कल, खटला मागे घेतल्याचा आदेश किंवा पोलिसांनी तपास बंद केला असल्यास न्यायालयानं मंजूर केलेली समरी, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, आधीच मिळवा. निकाल लागलेल्या जुन्या प्रकरणाची लाज बाळगू नका. त्याचे कागद मात्र जपून ठेवा.