हे खरे आहे काय?

(गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आपण आम्हांस आज बोलावयास उभे केले, एवढ्यावरून आपण आम्हांस क्षमा केली असे आम्ही समजत नाही. कोणत्या गोष्टीची क्षमा, ते बसलेल्यांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. ज्यांस नाही त्यांस आम्ही स्वतःच्या तोंडाने सांगणार आहो. पण त्याआधी आपला आमदार मुंबईस किंवा नागपुरास जाऊन करतो काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आम्हां खेडवळांची आमदार पारखण्याची रीत मोठी मौजेची आहे. पोरीच्या लग्नात आला, फेटा बांधून घेतला, जेवून गेला, म्हणजे आमदार चांगला. म्हातारा वारला आणि दहाव्याला आला नाही, म्हणजे आमदार माजला. पण त्या पाच वर्षांत त्याने आपल्या तालुक्याबद्दल सभागृहात किती प्रश्न विचारले, त्यांस काय उत्तरे मिळाली, हे विचारणारा एक तरी मनुष्य या गावात निघाला आहे काय? लग्नाला यावयास सोयरे पुष्कळ आहेत. मंत्र्याला उभे करून जाब विचारणारा मात्र या अख्ख्या तालुक्याला तोच एक आहे.

विधानसभेत २८८ सभासद असतात. बैठकीच्या आरंभीचा काळ प्रश्नोत्तरांचा. ज्या प्रश्नाला तारांकित म्हणतात त्याचे उत्तर मंत्र्याने तोंडी द्यावयाचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तारांकित प्रश्नही सगळेच बोलण्यापर्यंत पोचत नाहीत. तास संपला की उरलेल्यांची उत्तरे कागदावरच राहतात. प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक गावी अमुक गोष्ट झाली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचा साचाही ठरलेला: होय, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, आणि शेवटी ते आपले लाडके वाक्य, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

हे वाचून हसू येते खरे. पण हा हक्क आभाळातून पडलेला नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यास कायदे कौन्सिल मिळाले, तेव्हा सभासदाला सरकारास प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. तीही अशी की, उत्तर ऐकावे आणि मुकाट खाली बसावे. उत्तरावर पुन्हा विचारावयाचे नाही. उपप्रश्नाची परवानगी १९०९ च्या सुधारणांत मिळाली, आणि तीसुद्धा ज्याने मूळ प्रश्न केला त्यालाच. म्हणजे ‘पण साहेब, मग असे कसे?’ एवढे शब्द सरकारपुढे काढावयास आमच्या लोकांस जवळजवळ अर्धे शतक घालवावे लागले आणि तोवर कौन्सिलात शेतकऱ्याचा, सुताराचा, कुंभाराचा मनुष्य पोचलाही नव्हता.

तो पोचल्यावर काय झाले त्याचे एकच उदाहरण देतो. सीताराम केशव बोले हे मुंबईचे भंडारी समाजातील पुढारी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या असाव्या. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांस तसे कळविले. पुढे १९२४ च्या आरंभी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागद सगळे ठीक. तळ्यावर मात्र पहिलीच रीत चालू. तेव्हा बोले यांनी काय केले? ते घरी बसले नाहीत. १९२६ साली पुन्हा कौन्सिलात उभे राहिले आणि म्हणाले की, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणीत नाहीत त्यांस सरकारने पैसा देऊ नये. आणि त्या ठरावाच्या कागदात प्राण घालावयास २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसांना स्वतः चालत जाऊन त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले. त्यानंतर त्यांस मार खावा लागला, कोर्टाची पायरी चढावी लागली; हायकोर्टाचा निकाल आला तो १९३७ साली. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. कौन्सिलातला तो ठराव नसता तर माणसे कशावर बोट ठेवून उभी राहिली असती? आणि माणसे उभी राहिली नसती तर तो ठराव दप्तरात वाळवीने खाल्ला असता.

असो. आता आमची गोष्ट.

चार वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या दोन खोल्यांच्या छपराचे काम मंजूर झाले. एका खोलीवर पत्रे चढले, दुसरीवर नुसत्या कैच्या उभ्या राहिल्या आणि ठेकेदार दिसेनासा झाला. आपल्यापैकी कोणीतरी आमदारांस अर्ज दिला, त्यांनी प्रश्न टाकला. तो प्रश्न मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला उतरत उतरत एके दिवशी दुपारी आमच्या मोबाईलवर येऊन पडला. ‘माहिती सायंकाळपर्यंत पाठवा.’ सोबत तक्ता. त्यात तीन रकाने: मंजूर, प्रगतीत, पूर्ण. आम्ही ‘प्रगतीत’ लिहिले. अर्ध्या तासाने फोन आला. ‘गुरुजी, बिल निघाले आहे. प्रगतीत कसे म्हणता? पावसाआधी होऊनच जाईल. पूर्ण लिहा.’ बदलीचे दिवस होते, आमच्या घरी आजारपण होते. ही सबब नव्हे, जे होते ते सांगतो. आम्ही ‘पूर्ण’ लिहिले आणि खाली सही केली.

अधिवेशनात उत्तर आले: ‘हे खरे नाही. सदर शाळेच्या छताचे काम पूर्ण झाले आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.’

त्यानंतर तीन पावसाळे तिसरीची मुले मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बसली. एका पावसाळ्यात तर भजनाच्या दिवशी त्यांना अर्ध्या दिवसाने घरी धाडावे लागे. आणि दर वर्षी आम्ही त्यांस खरे बोलावे यावर धडा शिकविला.

गेल्या साली ग्रामसभेत ते छापील उत्तर कोणीतरी वाचून दाखविले. लोक हसले, मंत्र्यांस शिव्या देऊ लागले. तेव्हा पाठीमागून कुंभारवाड्यातल्या एक मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, ‘मुंबईत बसल्यावर मंत्र्याला आमच्या साळंचं छप्पर कसं दिसावं? त्याला हे सांगितलं कुनी?’ सगळी सभा गप्प झाली. आम्हीही गप्प बसलो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि पुढच्या सभेत आम्ही उभे राहून कबूल केले. आज बाहेरगावची मंडळी आली आहेत, म्हणून पुन्हा कबूल करितो.

हे एवढ्याकरिता सांगितले की, मंत्र्याचे उत्तर मंत्रालयात तयार होत नाही, ते आपल्याच गावातून वर जाते. तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी, कनिष्ठ अभियंता यांच्या सहीचा कागद चढत चढत वर जातो आणि मंत्र्याच्या तोंडून बाहेर पडतो. खालचा कागद खोटा, तर वरचे उत्तर खोटे. पण हीच गोष्ट उलटी धरा. सभागृहास जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा हक्कभंगाचा विषय होतो, म्हणून त्या उत्तराला वजन आहे. आमदाराच्या हाती खरा पुरावा असेल तर तो त्याच उत्तराने मंत्र्यास धरू शकतो. नसेल तर ‘हे खरे नाही’ एवढे ऐकून त्यास खाली बसावे लागते.

आमच्या छपराचे तसेच झाले. सुतारनानांनी शिडी लावून कैच्या मोजल्या, किती पत्रे बसले व किती लागतील ते वहीत मांडले. पोरांनी तारखेसह फोटो काढले. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याखाली अर्ज करून मोजमापवहीची आणि बिलाची नक्कल काढली. नियमाप्रमाणे ती तीस दिवसांत मिळावयाची. मिळाली दुसऱ्या अर्जानंतर. आम्ही आमची पहिली माहिती चुकीची होती असे लेखी दिले. त्याबद्दल आम्हांस नोटीस आली, तिचे उत्तर आम्ही दिले आहे; पुढे जे व्हावयाचे ते होवो. हे सगळे ग्रामसभेच्या ठरावासह आमदारांकडे गेले. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असे आले आणि काम पुरे करण्याचे आश्वासन मिळाले. या उन्हाळ्यात पत्रे चढले. फरशी अजून नाही. सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, तेव्हा फरशीचा पाठलाग त्या वाटेने चालू आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही ठेच खाऊन शिकलो. आपण अर्जात लिहितो, ‘आमचा रस्ता खराब आहे.’ कोणता रस्ता? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे; प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. चुकीच्या मंत्र्यास विचारले की तो हात झटकतो. एसटी आली नाही तर परिवहन, पाट फुटला तर जलसंपदा, नळाला पाणी नाही तर पाणीपुरवठा. एका कागदावर सतरा गाऱ्हाणी घालू नका. गावाचे नाव, कामाचे नाव, मंजुरीची तारीख, रक्कम, आज डोळ्यांना दिसते ते, एवढेच लिहा. ‘जनतेत तीव्र असंतोष’ हे शब्द वर्तमानपत्रास राहू द्या. रस्त्यावरचा खड्डा किती लांब व किती खोल, ते लिहा.

कोणी म्हणेल, आमदारच ऐकणारा नसला तर? पुष्कळदा नसतो. पण ऐकणारे होऊन गेले आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि एकंदर अकरा वेळा त्याच दुष्काळी तालुक्यातून विधानसभेत गेले. बहुतेक काळ विरोधी बाकावर. २०२१ साली ते वारले. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून लोक त्यांचे कौतुक करीत. आम्हांस त्याहून कौतुक त्या तालुक्याचे वाटते, की त्याने पन्नासांवर वर्षे पाण्याची गोष्ट बोलणारा मनुष्य निवडून पाठविला आणि फेटे बांधणाऱ्यांच्या मागे फारसा गेला नाही. मध्ये दोनदा त्यांस पाडलेही, हे सांगितले पाहिजे.

आता रात्र फार झाली. बायांना पहाटे उठावयाचे आहे. पाण्याच्या टाकीचे काम कागदावर पुरे झाले आहे असे आम्ही परवाच ऐकले. टाकी उभी आहे हे खरे. तिच्यात थेंब चढत नाही हेही खरे. मोटर कधी बसविली, किती दिवस चालली, कोणत्या आळीला नळ आले व कोणत्या आळीला मुळीच आले नाहीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी सभा मोडल्यावर पाच मिनिटे थांबावे. सुतारनानांनी वही आणली आहे. लिहून आम्ही घेऊ; पण सही या वेळी एकट्याची नको, सर्वांची हवी. आणि मावशी, पहिला अंगठा तुमचा.