घरभाडे आणि वाटखर्च

मुंबई-ठाण्यात भाडे परवडत नाही म्हणून कामगार पडघ्यापर्यंत सरकतो. भाडे उतरते, पण पडघ्याला रेल्वे नाही. लोकलचा पास स्वस्त खरा, परंतु कल्याण गाठण्याचा एसटी-रिक्षाचा खर्च त्यावर चढतो. झोपेचे तास जातात ते वेगळेच.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूला आधार दिला; अकरा महिन्यांच्या करारावरील नवागताला नाही. अशा स्थितीत नुसता प्रवास स्वस्त केला, तर ती बचत घरमालक भाडे वाढवून काढून घेईल. म्हणून एसटी-लोकलचा एकच पास आणि गोदामांलगत सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे, या मागण्या एकत्रच लढवल्या पाहिजेत.