राग, अभिमान आणि आम्ही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या विद्यार्थी सभासदांनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक दिवस विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा असे कार्यकारिणीने ठरवले, आणि 'भावना, अस्मिता आणि संस्कृती' असा भारदस्त विषय आमच्या हाती दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही सातजण आहोत. कोणी कलकत्ता विद्यापीठात, कोणी यादवपूरला. कोणी पदार्थविज्ञानाचे, कोणी इतिहासाचे, एक मानसशास्त्राची, एक तुलनात्मक साहित्याची. या विषयावर एकट्याने उभे राहण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही. म्हणून प्रत्येकाने आपापले चिंतन लिहून आणले, चार बैठकींत ते एकमेकांना वाचून दाखवले, त्यावर यथेच्छ भांडलो, आणि भांडणानंतर जे शिल्लक राहिले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्या सात टिपणांपैकी तीन इंग्रजीत होती, दोन बंगालीत आणि दोनच मराठीत. ज्येष्ठांनी एवढ्यात सुस्कारा सोडू नये, अशी विनंती आहे. त्या गोष्टीकडे आम्ही वळणारच आहोत.

आमच्यातल्या एकीची बंगाली मैत्रीण एकदा दोन दिवस तिच्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी कारण विचारताच उत्तर आले, 'तोर ओपर आमार अभिमान होयेछे.' आमची मुलगी हरखली. हिला आपला अभिमान वाटतो! पण मग दोन दिवस अबोला कशासाठी?

बंगालीतला 'अभिमान' आपल्या अभिमानाहून अगदी निराळा आहे, हे येथे राहणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा विचार आपण फारसा केलेला नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे त्यानेच दुखावले, म्हणून मनात दाटून येणारे मूक दुःख म्हणजे हा अभिमान. परक्या माणसाविषयी तो होत नाही; परक्याचा नुसता राग येतो. आपला रुसवा त्याच्या जवळपास जातो, परंतु रुसवा हा दिसावा म्हणूनच असतो. फुगलेले गाल आणि फिरवलेली पाठ यांवाचून त्याला शोभा नाही. अभिमान लपवायचा असतो आणि समोरच्याने तो न सांगता ओळखायचा असतो. 'मनाला लागले' असे मराठीत म्हणता येईल, पण त्यात दुखावणाऱ्याविषयीची माया उतरत नाही.

या मुलीने आपल्या टिपणात लिहिले आहे की, ही भावना तिला लहानपणापासून अनेकदा झाली होती. घरात तिचे नाव मात्र 'राग' असे पडले होते, आणि 'एवढे रागवायला काय झाले?' या प्रश्नाला तिच्याजवळ कधीच उत्तर नसे, कारण ती रागावलेली नसेच. शब्द मिळाला त्या दिवशी तिने तो आईला सांगितला. आईला तो चांगलाच ठाऊक होता! शेजारच्या काकीमांशी बोलताना ती स्वतः तो वापरीत होती. फक्त चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात तसा तो तिने इतकी वर्षे बाहेर ठेवला होता.

आमच्या सगळ्या चर्चेला येथून दिशा मिळाली. घरातल्या भावना मराठीतच व्हाव्यात, ही आपल्या वडीलधाऱ्यांची इच्छा आम्हांला समजते. पण भावना उंबरठ्यावर थांबून कोणत्या भाषेत आत जायचे असे विचारीत नाहीत.

मग आम्ही असे शब्द गोळा करण्याच्या नादाला लागलो. 'कौतुक' घ्या. हिंदीत ते कुतूहल, बंगालीत थट्टाविनोद आणि आपल्याकडे मात्र प्रशंसा व वात्सल्य यांचे असे मिश्रण की, आजीने केलेल्या कौतुकाचे भाषांतर करायला बसलो तर संध्याकाळ जाते. 'चेष्टा' म्हणजे हिंदी-बंगालीत प्रयत्न. आमच्यातल्या एकाने शाळेत असताना 'गणित सोडवायची खूप चेष्टा केली' असे घरी सांगितले होते. ते वाक्य त्या घरात अजून गाजते आहे. उलट 'संसार' हिंदीत साऱ्या जगाला म्हणतात. घरगृहस्थी हा त्याचा अर्थ मात्र मराठीने आणि बंगालीने सारखाच ठेवला. 'राग' या शब्दाची कथा तर फारच मनोरंजक आहे. संस्कृतात त्याचे मूळ रंगण्यात आहे. पातंजल योगसूत्रांत राग म्हणजे आसक्ती, हिंदीत आसक्ती किंवा गाण्यातला राग. मराठीत आणि बंगालीत मात्र संताप. चेहरा प्रेमाने रंगतो तसाच क्रोधानेही रंगतो, एवढाच काय तो दुवा. महाराष्ट्र आणि बंगाल यांच्यामध्ये हिंदीचा एवढा मोठा प्रदेश पसरलेला असूनही दोन्ही टोकांना माणसे 'राग' याच शब्दाने चिडतात, याचा आम्हांला उगाचच आनंद झाला.

येथे आमच्यात मतभेद झाला. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने पॉल एकमन या अमेरिकन संशोधकाचा दाखला दिला. त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यू गिनीच्या डोंगराळ भागात बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, आणि आनंद, दुःख, क्रोध यांसारखे मूलभूत भाव त्यांनी बहुतांशी ओळखले. तेव्हा भावना सर्वत्र एकच, शब्द तेवढे निरनिराळे, असे तिचे म्हणणे. साहित्याच्या विद्यार्थिनीने उत्तर दिले की, भरतमुनींनी आठ स्थायी भाव सांगितले ते मान्य. पण माणूस केवळ स्थायी भावांवर जगत नाही. जपानी मनोचिकित्सक ताकेओ दोई यांनी १९७१ साली 'अमाए' या एका शब्दावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. आपल्या माणसाच्या मायेवर हक्काने विसंबणे, त्याच्यापाशी लाडात येणे, असा काहीसा त्याचा अर्थ. मुंबईच्या आजीकडे सुटीत गेल्यावर आपण नेमके तेच करतो, हे आम्हां सर्वांना एकदम पटले. आपण त्याला 'लाडीगोडी' म्हणतो आणि त्यावर ग्रंथ लिहीत नाही, इतकेच. वाद मिटला नाही. तो मिटवण्याची घाईही आम्ही केली नाही.

आता अस्मितेविषयी. आज हा शब्द मिरवणुकीत आणि निवडणुकीत मोठ्या आवाजात उच्चारला जातो. परंतु ज्या योगसूत्रांत 'राग' आहे, तेथेच 'अस्मिता'ही आहे, आणि ती पाच क्लेशांमध्ये मोजलेली आहे: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. 'मी आहे' ही जाणीव तेथे मिरवण्याची वस्तू नसून दुःखाचे कारण मानली आहे. आमच्या पिढीला हा जुना अर्थ अधिक जवळचा वाटतो. शाळेच्या हजेरीपटावर आमच्या नावांचे काय होते ते आपण जाणता. बंगालीत 'व'चा 'ब' होतो आणि 'अ' ओठ गोल करून उच्चारला जातो. वंदनाची बंदोना होते. 'ळ' तर बंगालीतही नाही आणि प्रमाण हिंदीतही नाही. आमच्यातल्या तिघांना स्वतःचे आडनाव आजोबांना पसंत पडेल असे उच्चारता येत नाही. पुण्याला गेलो की आत्या म्हणतात, 'अगदी बंगाली झालात रे!' आणि येथे ओळख करून देताना मित्र सांगतात, 'ओरा माराठी.'

माराठी म्हणजे कोण, हे बंगालच्या लहान मुलाला फार लवकर कळते, अंगाईतूनच कळते. बर्गी आले, आता खंडणी कशाने द्यायची, अशी काळजी करीत आई बाळाला निजवते, ती अंगाई येथे घरोघर आहे. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर स्वार होणारे मराठी शिपाई. १७४२पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर सतत चालून आल्या. सेनापती भास्करपंत १७४४ साली अलीवर्दीखानाच्या छावणीत मारले गेले. १७५१च्या तहात ओरिसा आणि दरसाल बारा लाख रुपये चौथाई पदरात पडली, तेव्हा कोठे स्वाऱ्या थांबल्या. त्यांच्या भीतीने या शहराभोवती जो खंदक खणायला घेतला त्याला नावच 'मराठा खंदक' पडले, आणि पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याने आमच्यापैकी कितीतरी जण रोज महाविद्यालयात जातात.

आमच्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला लहानपणी शेजारच्या काकीमा हीच अंगाई म्हणून थोपटीत. आपण कोणाला थोपटीत आहोत हे मध्येच लक्षात येऊन त्या जीभ चावीत आणि हसत, असे त्याची आई सांगते. घरी त्याने अटकेपार गेलेल्या झेंड्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि शेजारी बर्गींच्या. घोडे तेच होते. त्याला अभिमान वाटावा की लाज? त्याने आपल्या टिपणात 'ओशाळणे' हा शब्द वापरला आहे, आणि आम्हांला तो फार नेमका वाटला. ओशाळणाऱ्याने स्वतः काही केलेले असावेच लागत नाही. आपल्या घरातले कोणी दुसऱ्याच्या दारात कसे वागले हे कळले, तरी माणूस ओशाळतो. पुण्यात वाढलेल्या त्याच्या चुलतभावंडांना बर्गी ठाऊक नाहीत. त्यांचा इतिहास त्यामुळे सोपा आहे. त्याचा हेवा करावा की नाही, हे आम्ही ठरवू शकलो नाही.

पण गोष्ट तेथे संपत नाही. देवघराजवळच्या एका मराठी घराण्यात १८६९ साली जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिली. परकीय सत्तेने देश कसा लुबाडला याचा तो हिशेब १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९१०मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या बंगालला बर्गी ठाऊक होते, त्याच बंगालमध्ये देउस्करांनी शिवाजी-उत्सवासाठी खटपट केली, आणि रवींद्रनाथांनी १९०४ साली 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. देउस्करांची घरची भाषा मराठी आणि लेखणीची भाषा बंगाली होती. त्यांना कोणी 'तुम्ही नक्की कोण?' असे विचारले असेल काय, याची आम्हांला फार उत्सुकता आहे.

आता त्या तीन इंग्रजी आणि दोन बंगाली टिपणांकडे वळू. दोन भाषांत भावना दुप्पट होतात, असे गोड बोलून आम्ही सुटू शकलो असतो. ते खरे नाही. काही गोष्टी हातून जात आहेत. आमच्यातल्या एकीचे आजोबा गेल्या वर्षी साताऱ्याला वारले. दूरध्वनीवर आजी रडत होती आणि हिच्या तोंडून एकही मराठी वाक्य निघेना. भाजी, शाळा, परीक्षा, प्रवास यांची मराठी तिच्याजवळ होती. सांत्वनाची नव्हती, कारण सांत्वन तिने कधी मराठीत ऐकलेच नव्हते. अखेर आजीच म्हणाली, 'असू दे बाळ, कळलं मला.' हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ हे शब्द आम्ही पुस्तकात वाचतो. त्यांच्यातला फरक विचाराल तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू.

म्हणून आमची कार्यकारिणीला एक सूचना आहे. मुले येत नाहीत म्हणून मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग बंद पडला. तो बाराखडीचा होता. बाराखडी आम्हांला येते. आम्हांला वर्ग हवा आहे तो रागावायचा, समजूत घालायचा, हळहळायचा. त्याला शिक्षक नको. ज्यांनी मराठीत भांडणे केली आहेत, मराठीत कोणाला तरी निरोप दिला आहे, असे ज्येष्ठ हवेत. आणि त्यांनी येताना आपले बंगाली शब्द घरी ठेवून येऊ नये, कारण 'अभिमान' आम्ही आता परत देणार नाही.

ग्रंथालयाची मागची खोली दर शनिवारी सायंकाळी सहापासून मोकळी असते, असे ग्रंथपालांनी सांगितले आहे. येत्या शनिवारी आम्ही सातहीजण तेथे असू. ज्यांच्याकडे गावाकडून आलेली जुनी पत्रे असतील आणि ती मोठ्याने वाचायला हरकत नसेल, त्यांनी ती बरोबर आणावीत. पहिल्या दिवशी 'रुखरुख' आणि 'चुटपुट' यांच्यापासून सुरुवात करायचे ठरले आहे. चहाची व्यवस्था आम्ही करू.