मंडईंतील गोतावळा

उन्हाळा आला कीं लालबागच्या मसाला गल्लींत तिखटाचा खकाणा उडूं लागतो. मिरच्या, धने, हळकुंडें व लवंगा यांच्या राशी तेथें शेजारीं शेजारीं दिसतात. परंतु वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानें त्यांचीं कुळें निरनिराळीं आहेत. धने, जिरें आणि बडीशेप हीं गाजराचीं भावंडें. लवंगेचें गोत्र जांभूळ व पेरू यांच्याशीं जुळतें. हळद आल्याच्या घरची. आणि मिरचीचे सोयरे वांगें, टोमॅटो व बटाटा.

हें नातें ठरवावें कसें? चव व आकार यांवर विसंबल्यास फसगत होते. मुळा आणि गाजर हीं दोन्हीं मुळेंच. परंतु मुळ्याचें फूल मोहरी व कोबी यांच्याप्रमाणें चार पाकळ्यांचें, तर गाजराचा फुलोरा कोथिंबिरीसारखा छत्रीच्या आकाराचा. फूल आणि फळ यांची घडण हीच कुळाची खरी खूण होय. फ्रेंच शास्त्रज्ञ जुसिय यानें १७८९ सालीं वनस्पतींची अशी कुलवार मांडणी प्रसिद्ध केली.

वांगें हें भारतांत प्राचीन काळापासून पिकत आलें आहे. मिरची, बटाटा व टोमॅटो हीं मूळचीं अमेरिकेंतलीं. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत मिरची आणली, आणि दूर देशींचे हे भाऊबंद एका चुलीवर आले. पण विषारी धोत्राही याच कुळांतला. बटाटा उजेडांत पडून हिरवा झाला म्हणजे त्यांतही विष वाढतें, व तें शिजविल्यानें जात नाहीं.

भोपळ्याच्या कुळाची गोष्ट अशीच. काकडी, दोडका, दुधी व कलिंगड यांच्या पंक्तीला कडू वृंदावनही बसतें. या कुळाच्या रानटी जातींतला जहाल कडूपणा कधीं कधीं लागवडीच्या दुधींतही उतरतो. अशा दुधीचा रस पिऊन माणसें दगावल्याचीं उदाहरणें आहेत. शिजविल्यानेंही तो निर्धोक होत नाहीं. म्हणून दुधी चिरतांना एक लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा, आणि कडू लागल्यास थुंकून टाकावा. कारल्याचा कडूपणा त्याच्या जातीचाच असतो. दुधीचा तसा नव्हे.

पैसे मोजून आणलेली भाजी फेंकून देण्यास गृहिणीचा जीव होत नाहीं. साखर, गूळ घालून कडूपणा झांकण्याचा मोहही होतो. परंतु गोडीनें चव लपते, विष लपून राहत नाहीं. अशा वेळीं दुधी टाकून देणें हाच खरा काटकसरीचा मार्ग होय.