आधी डॉक्टर, मग दुर्बीण

आफ्रिकेची सफारी म्हटली की डोळ्यांपुढे येतं ते उंच सोनेरी गवत, उघड्या छपराची गाडी आणि बाभळीखाली पहुडलेला सिंह. मग खरेदी सुरू होते. टोपी, खाकी कपडे, दुर्बीण. माझं सांगणं एवढंच, की सुरुवात दुकानातून न करता डॉक्टरांकडून करा. आणि तीही सहलीचे पैसे भरण्याआधी.

कारण आहे पीतज्वर, म्हणजेच यलो फीवर. हा रोग केनियात आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, जो आपल्याला डेंग्यू देतो, आपल्या घराघरांत आहे. एखादा प्रवासी हा विषाणू घेऊन उतरला, तर रोग पसरायला वेळ लागणार नाही. म्हणून आपलं सरकार याबाबतीत कडक आहे. केनियाहून थेट परतताना लसीचं प्रमाणपत्र जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. केनियातून टांझानियात शिरतानाही ते मागतात.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र ग्राह्य होतं ते त्यानंतर १० दिवसांनी. तेव्हा निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. दिलासा एवढाच, की २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

खरी अडचण असते ज्येष्ठांची. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. तो क्वचितच उद्भवतो, पण असतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही आधी विचारायला हवं. मुलं हौसेनं आईबाबांना सफारी भेट देतात आणि लसीचा विषय निघतो तो तिकिटं काढून झाल्यावर! डॉक्टर नको म्हणाले, तरी हिरमुसू नका. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. तिथल्या पिलानेसबर्ग आणि माडिक्वे या राखीव जंगलांत मलेरियाही नाही, आणि सिंह-हत्ती मात्र आहेत. फक्त विमान वाटेत कोणत्या देशात थांबतं, ते पाहून घ्या.

केनिया-टांझानियाला जाणार असाल, तर मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. काही गोळ्या परतल्यावर चार आठवडे घ्याव्या लागतात. घरी आलो म्हणून मध्येच सोडू नका. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, ‘आफ्रिकेला जाऊन आलोय.’ तिथला मलेरिया उशीर खपवून घेत नाही.

आता बॅग. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात भरा, कपडे कापडी पिशवीत. जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानात साधारण १५ किलो सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. स्वेटर मात्र हवाच. मसाई मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. पहाटेच्या फेरीत दात वाजतात. टांझानियात गडद निळे आणि काळे कपडे टाळा. त्या रंगांकडे त्सेत्से माशी ओढली जाते आणि ती कडकडून चावते.

शेवटची तयारी मनाची. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात. पण कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर, हे कुणीच सांगू शकत नाही. न दिसल्यास चालकावर चिडू नका. ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रहही धरू नका. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. गाड्यांचा वेढा पडला की त्याची शिकार हुकते, आणि त्या दिवशी पिल्लं उपाशी राहतात.

लस, गोळ्या, कागदपत्रं एवढं वेळेवर झालं, की दुर्बीण शेजाऱ्यांची मागून नेलीत तरी चालेल.