शाळेच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?
(खानवेल येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी वर्गाचा प्रश्न निघाला की शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद म्हणतात, "आमच्या हाती काय आहे?" उलट आमचेच काही उत्साही मित्र म्हणतात, "समितीने ठराव केला की झाले!" दोघांनीही कायदा वाचलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याने जन्मलेल्या संस्थेला कायद्याने दिले तेवढेच अधिकार असतात. लोकांनी निवडले म्हणून ते वाढत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. १९४७ च्या कायद्याने बोर्डे ठेवली, पण त्यांच्या शेजारी सरकारने नेमलेला प्रशासकीय अधिकारी बसविला. खुर्ची अध्यक्षांची, किल्ल्या अधिकाऱ्याच्या कमरेला! पुढे १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डे गेली. नगरहवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीजांखाली असल्याने त्या बोर्डांचा अनुभव आपल्याला आलाच नाही.

मग आज आपल्या हाती काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. या समितीला शिक्षक नेमता येत नाही, माध्यमही ठरविता येत नाही. परंतु शाळेची विकास योजना तीच करते, आणि सरकारच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाला हीच योजना आधार धरावी, असे कायदा सांगतो. २०१० च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तीत वर्गवार पटाचा अंदाज व जादा शिक्षकांची गरज नोंदवावयाची असते. मराठी शिक्षकाची मागणी शिरावयास याहून मोठे दार कोणते?

घटनेचे कलम ३५०-अ आपल्या बाजूचे आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे ते म्हणते. 'प्रयत्न' हा शब्द मऊ आहे खरा. तथापि राष्ट्रपतींना त्यासाठी निर्देश देता येतात. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मोजमापही ठरविले होते: शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असले की त्या भाषेचा शिक्षक. म्हणजे वाद अखेर पटावर येतो. (वारली-कोकणा घरांतली बोली पुण्याची मराठी नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणून त्या पालकांना गृहीत धरू नका, त्यांना विचारा.)

विलीनीकरणाचा लढा चालेल तितका चालो. मुलाचे पहिलीचे वर्ष त्यासाठी थांबत नाही. तेव्हा प्रत्येक पालकाने मातृभाषा नमूद करून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. समितीने ती संख्या विकास योजनेत घालावी आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी योजना स्थानिक प्राधिकरणाकडे धाडावी. एक प्रत भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे जाऊ द्या. त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवावे लागतात.