नकाशात नसलेला खानदेश



संमेलनाचा स्वागताध्यक्ष म्हणजे मांडवाचा खर्च पाहणारा माणूस, आणि इथे तो मी. माझा धंदा जिनिंगचा. विद्वत्ता शेजारच्या खुर्च्यांवर बसली आहे. पण कपाशीच्या गाड्यांमागे चाळीस वर्षं हिंडलो, तरी खानदेश नेमका कुठून कुठपर्यंत, हे मला कुणी नीट सांगितलं नाही.

सरकारी दप्तरात तो नाही. 1906 मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खानदेश केले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. 1998 मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. विद्यापीठ मिळालं तेही ‘उत्तर महाराष्ट्र’ नावाचं. 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं, याचा आनंद आहेच. पण दिशा सांगून कुणी आपलं गाव सांगतं का?

बरं, या तीन जिल्ह्यांत तरी तो मावतो का? 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण तिकडे गेले. सटाण्याच्या बाजारात आजही खानदेशची अहिराणी बोली कानावर पडते. बुऱ्हाणपूर तर फारुकी सुलतानांची राजधानी, ते आज मध्य प्रदेशात. 1601 मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाचं ‘दानदेश’ केलं. बादशहाचा हुकूम, पण लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला.

माझ्या मते आपली हद्द कानबाई देवी दाखवते. नागपंचमीनंतरच्या रविवारी जिथे कानबाई बसते, भाऊबंद एकत्र येऊन रोट खातात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात, तिथपर्यंत खानदेश. या हिशेबाने सुरतेतल्या आपल्या लोकांच्या गल्ल्याही आल्या! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन झोका घेणारी लेकही हीच हद्द आखत असते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कुणाला राग आला तरी. अहिराणी म्हणजेच खानदेश, असं म्हणू नका. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा आपापल्या भाषा बोलतात, त्यांचा होळीआधीचा भोंगऱ्या आपल्या आखाजीइतकाच इथला आहे. गेल्या काही कार्यक्रमांत त्यांना नाचायला बोलावलं, बोलायला नाही. या वेळी त्यांचे तीन निबंध आहेत, आणि ते जेवणानंतरच्या पेंगुळल्या सत्रात ठेवलेले नाहीत.

नदीचं सांगायचं राहिलं. पांझरेवर बंधारे घालून पाटाने पाणी आणायचं आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही आपली फड पद्धत. पाणी कुणाला कधी, हे पाणी वाटणारा पाटकरी ठरवणार, जमीनदार नव्हे. अशी समज ज्या मुलखाने उभी केली त्याला नुसतं ‘मागास’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. फडांवर काम करणारे अभ्यासक उद्या बोलतील. त्यांना प्रश्न विचारा.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1926 च्या अखेरीस याच धुळ्यात देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी इथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. परतण्याआधी ते पाहून जा. आणि घरात कानबाईची गाणी म्हणणारी आजी असेल, तर यंदाच्या श्रावणात ती लिहून घ्या. पुढच्या श्रावणावर ढकलू नका.

जेवणात कळण्याची भाकरी आणि भरीत आहे. तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्याला आधीच सांगावं.